नीट करतो

बुद्धिबळाच्या जगात त्याला सगळे डिंक्या म्हणत. एकदा बचावाला चिकटला की खरवडून काढला तरी निघत नाही, म्हणून आधी डिंक आणि पुढे लाडाने डिंक्या. त्याच्यावर हल्ले करून करून भले भले थकत आणि शेवटी वैतागून स्वतःच काहीतरी मूर्खपणा करून बसत. त्याचे बहुतेक विजय असेच आलेले. बघायला देखणा खेळ नव्हे तो. पण जगज्जेतेपदाच्या सामन्यात देखणेपणाला कोण विचारतो? तिथे न चुकणारा माणूस लागतो, आणि डिंक्या चुकत नाही यावर शत्रूंचंही एकमत होतं.

म्हणजे तो उंटाचा प्रकार होईपर्यंत होतं.

समोर जो जगज्जेता होता त्याचं टोपणनाव थंडोबा. नाव ठेवणाऱ्याने फार डोकं चालवलेलं नव्हतं. डाव जिंको नाहीतर हरो, गृहस्थाचा चेहरा पासपोर्टचा फोटो काढून घेत असल्यासारखा. दोघे काचेच्या भिंतींच्या एका खोलीत बसून खेळत. काचेपलीकडे अंधारात प्रेक्षक. त्यांना आतलं दिसायचं, आतल्यांना बाहेरचं काही ऐकू यायचं नाही. खोलीत एसीची घरघर, दोन पाण्याच्या बाटल्या आणि प्रत्येकाच्या तोंडासमोर एक कॅमेरा. नाक खाजवलं तरी जगाने पाहिलेलं असायचं.

तर मधल्या एका डावात डिंक्या बराच वेळ विचार करत बसला होता. आपल्या घोड्याने थंडोबाचा उंट मारावा, त्याने प्याद्याने घोडा मारावा, मग आपण हत्ती घुसवावा, असं मनातल्या मनात खेळून बघत होता. जमेना. त्याने तो नाद सोडला, दुसरी एक खेळी ठरवली, हत्ती उचलला, पुढे नेऊन ठेवला, घड्याळ दाबलं. पाणी प्यायला बाटली उचलली आणि त्याला तो उंट दिसला. थेट त्याच्या हत्तीवर रोखलेला. हत्ती फुकट जात होता. शाळेतल्या पोरानेही मिटक्या मारत खाल्ला असता.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण वर्तमानपत्रवाल्यांनी ती घेतली नाही. त्यांनी लिहिलं, दुर्लक्ष झालं. दुर्लक्ष म्हणजे गॅसवर दूध ठेवून फोनवर गप्पा मारत बसणं. डिंक्याने पटाकडे डोळे फाडून पाहिलं होतं आणि त्या घरात उंट नव्हता. मनातल्या डावात त्याने तो मारून बाजूला ठेवला होता. तो विचार सोडताना बाकी सगळे मोहरे त्याने मनातल्या मनात जागच्या जागी परत मांडले, तेवढा उंट मांडायचा राहिला. आणि डोळ्यांनी पटाचं न ऐकता मनाचं ऐकलं.

बाटली तोंडाला लावून तो तसाच बसून राहिला. बाटली खाली ठेवली तर हात थरथरताना दिसेल म्हणून त्याने ती रिकामी होईपर्यंत पाणी प्यायलं. काचेपलीकडे लोक उभे राहिले होते. खेळ्या तपासणारा कॉम्प्युटर तिकडे केव्हाचा चूक, चूक म्हणून बोंबलत होता. थंडोबाने खूप वेळ विचार केला आणि हत्तीला न मारता आपला राजा बाजूला सरकवला.

पत्रकार परिषदेत त्याला विचारलं, "समोर फुकटचा हत्ती होता, घेतला का नाही?" तो म्हणाला, "हे चुकत नाहीत असं मी धरून चालतो." हॉलमध्ये हशा पिकला. डिंक्याही हसला. दमलो होतो, असं सांगून त्याने वेळ मारून नेली.

पण दमल्यावर काय होतं ते त्याला ठाऊक होतं. दमलेला माणूस पाहायचं विसरतो. नसलेलं पाहत नाही, आणि असलेलं डोळ्यांदेखत पुसून टाकत नाही. असं करणारा एकच माणूस त्याला माहीत होता, तो म्हणजे त्याचे वडील.

बाबांनी सगळा जन्म लेथ मशीनवर काढलेला. केसाइतका फरक बोटाने ओळखायचे. निवृत्त झाल्यावर एके दिवशी ते भाजी घेऊन निघाले आणि कुटुंबाने केव्हाच सोडलेल्या जुन्या घराच्या दाराला किल्ली लावत बसले. त्या घरातल्या लोकांनी फोन केला. आणायला डिंक्या आणि ताई गेले तर बाबा त्यांच्यावरच चिडले, "कुलूप कुणी बदललं?" घरी आल्यावर सगळे पोट धरून हसले, बाबासुद्धा. पुढे ते गेलेल्या काकाची वाट बघत जेवायचे थांबू लागले, तेव्हा हसणं बंद झालं. नव्या घराचा पत्ता त्यांच्या डोक्यात होता. काका गेल्याचंही होतं. नुसतं मांडायचं राहत होतं.

डिंक्याला भीती वाटत होती ती हीच. जगज्जेतेपद हवं होतं, कुणाला नको असतं? पण त्या उंटानंतर त्याला मनातून एकच गोष्ट हवी होती. हे फक्त सामन्याचं दडपण आहे, बाबांचं दुखणं नाही, एवढं कुठूनतरी कळावं. आणि ते विचारायची त्याची हिंमत नव्हती. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

मग त्याने एक युक्ती काढली. बुद्धिबळात हात लावलेला मोहरा हलवावाच लागतो. यातून एकच सूट आहे. एखादा मोहरा आपल्या घरात वाकडा बसला असेल तर आपल्या पाळीला आधी मोठ्याने 'नीट करतो' म्हणायचं आणि मग त्याला सरळ करायचं. पुढच्या डावापासून डिंक्या ज्या मोहऱ्याबद्दल शंका वाटेल त्याला नीट करू लागला. "नीट करतो," म्हणायचा आणि एक बोट मोहऱ्याच्या डोक्यावर टेकवायचा. गार लाकूड लागलं की छातीतला दगड उतरायचा. आहे. हाही आहे. डोळे फसवतील, बोट कसं फसवेल? बाबांचंही बोट शेवटपर्यंत शाबूत होतं.

युक्ती चालली. एक डाव तर त्याने जिंकला आणि सामन्यात तो एका गुणाने पुढे गेला. आता एकच डाव उरला होता. त्यात बरोबरी झाली तरी डिंक्या जगज्जेता. हरला तर मात्र गुण समान होणार, आणि गुण समान झाले की पद जुन्याकडेच राहतं, असा या सामन्याचा नियम होता.

शेवटच्या डावाच्या सकाळी मुख्य पंचांनी त्याला बोलावून घेतलं. पंच एक बाई होत्या, पायात मऊ तळव्यांचे बूट. कधी बाजूला येऊन उभ्या राहिल्या ते कळायचं नाही. बोलणं मात्र सरळ.

"समोरून तक्रार आलीय," त्या म्हणाल्या. "तुम्ही प्रत्येक खेळीला मोहरे नीट करता. त्यांचं लक्ष उडतं. खरं सांगायचं तर माझंसुद्धा उडतं."

"वाकडे बसतात, मॅडम."

"मोहरे वाकडे नसतात. मी बघते ना रोज." त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "एखाददुसऱ्या वेळी ठीक आहे. पण आज पुन्हा तेच सुरू केलंत तर मला ताकीद द्यावी लागेल, आणि मग त्यांना जादा वेळ. शेवटच्या डावाला माझ्यावर ती पाळी आणू नका."

"नाही आणणार," डिंक्या म्हणाला.

सामन्यासाठी भाड्याने घेतलेल्या घरात ताई त्याच्या शर्टाला इस्त्री करत होती. ताई त्याची मोठी बहीण आणि तीच त्याची प्रशिक्षक. पहिला शह त्याने तिच्याकडूनच खाल्लेला. जीभ अशी की समोरच्याची तयारी आणि आपल्या भावाची अक्कल, दोन्ही एका दमात सोलून काढायची.

"पंचांनी कशाला बोलावलं होतं?" तिने मान वर न करता विचारलं. "मोहरे चिवडतोस म्हणून ना? मी म्हणणारच होते. पोळीची कणीक आहे का ती?"

डिंक्या खुर्चीत बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. उंट कसा नव्हता आणि मग कसा होता, हे त्याने जसं झालं तसं सांगितलं. भीतीचा शब्द काढला नाही. तसं बोलायची त्यांच्या घरात रीतच नव्हती.

ताईने इस्त्री उभी करून ठेवली. मग उगाचच तिची वायर काढून गुंडाळली, गरम असतानाच.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू बाबांचं नाव काढलं असतंस."

"मी कशाला काढेन?" ती तडकली. "तूच काढलंस आत्ता."

ताईचा चेहरा उतरला होता. तिच्या मनात बाबा कधीचे येऊन बसले होते हे डिंक्याला स्वच्छ दिसलं, आणि आपण बोललो नसतो तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

"हे बघ," ती शेवटी म्हणाली. आवाज पुन्हा प्रशिक्षकाचा झाला होता. "लांबलचक विचार करायचा नाही आज. तू जितकं मनात खेळशील तितकी भुतं तयार होणार. मारामारी कर, मोहरे पटावरून उतरव. पट रिकामा झाला की गोंधळ कशाचा व्हायचाय?"

"आणि शंका आली तर?"

"तर एकदा बघायचं. दुसऱ्यांदा बघायचं नाही. आणि तो हात मांडीखाली ठेव."

डाव सुरू झाला. ताईचं म्हणणं डिंक्याने अक्षरशः पाळलं. हत्तीवर हत्ती, वजिरावर वजीर, सगळी कापाकापी करून टाकली. थंडोबाला जिंकायचंच होतं, पण कुणी भांडायलाच तयार नसेल तर तो तरी काय करणार? काचेपलीकडे लोक जांभया देऊ लागले. डिंक्याचा उजवा हात मांडीखाली होता. त्याला मुंग्या आल्या तरी त्याने तो काढला नाही.

शेवटी पटावर उरलं ते इतकंच. दोघांचे राजे, एकमेकांत अडकून पडलेली काही प्यादी, थंडोबाचा एक उंट आणि डिंक्याचा एक घोडा. थंडोबाचं एक प्यादं मात्र शेवटच्या ओळीच्या दाराशी येऊन उभं होतं. आणखी एक पाऊल टाकलं की त्याचा वजीर होणार. ते पाऊल जिथे पडणार त्या घरात डिंक्याचा घोडा बसला होता. थंडोबाचा उंट दुसऱ्या रंगाच्या घरांवरून चालणारा, त्याला घोड्याच्या वाटेला जाता येत नव्हतं. म्हणजे काम सोपं होतं. घोडा जागचा हलवायचा नाही आणि राजा इकडून तिकडे, तिकडून इकडे करत बसायचं. जन्मभर डिंक्याने दुसरं काय केलं होतं? थोड्याच खेळ्यांत तीच ती स्थिती तिसऱ्यांदा आली की डाव बरोबरीत आणि डिंक्या जगज्जेता.

थंडोबाने उंट मागे घेतला आणि घड्याळ दाबलं. डिंक्याने राजा हलवायचा होता. त्याने फक्त एकदा बघायचं ठरवलं.

घोड्याने उडी मारून उंटावर जायचं ठरवलं तर काय होईल, एवढंच त्याने तपासलं. गरज नव्हती, पण तपासल्याशिवाय राहवेना. घोडा उडाला, प्याद्याचा वजीर झाला, राजा पळाला, मात. वाईट. म्हणजे घोडा नाही हलवायचा. त्याने सगळं मनातल्या मनात परत मांडलं. राजा इथे, प्यादं इथे, उंट तिथे. आणि घोडा?

घोडा परत ठेवला का आपण?

त्याने पाहिलं. घोडा दिसत होता. पण त्या दिवशी उंट दिसत नव्हता आणि तरी होता. मग आज घोडा दिसत असूनही नसला तर? कदाचित तो केव्हाच मारला गेला असेल आणि आपल्याला जुनाच दिसत असेल, बाबांना गेलेला काका अजून असल्यासारखा वाटायचा तसा. डोकं सांगत होतं, हे खूळ आहे. छाती ऐकत नव्हती. मानेमागून घामाची एक धार पाठीत उतरली. घड्याळाचे आकडे कमी होत होते आणि समोर थंडोबा पासपोर्टचा फोटो काढत बसला होता.

एकदाच बोट लावू, डिंक्याने ठरवलं. एखाददुसऱ्या वेळी ठीक आहे, असं पंच स्वतःच म्हणाल्यात. मांडीखालून त्याने हात काढला. नीट करतो. बोट घोड्याच्या आयाळीवर टेकलं. गार, घट्ट, खरंखुरं लाकूड. आहे. घोडा आहे. त्याचे डोळे मिटले, इतकं बरं वाटलं.

डोळे उघडले तेव्हा थंडोबा त्याच्याकडे बघत होता. चेहऱ्यावर काहीतरी होतं. इतक्या वर्षांत त्या चेहऱ्यावर डिंक्याने काही पाहिलंच नव्हतं, त्यामुळे काय आहे ते त्याला ओळखता येईना.

"हात लागला," थंडोबा म्हणाला.

पंच बाजूलाच उभ्या होत्या. त्यांनी पुढे होऊन घड्याळ थांबवलं.

"मी 'नीट करतो' म्हणालो," डिंक्या म्हणाला.

"मला ऐकू आलं नाही," पंच म्हणाल्या.

"म्हणाला नाहीत तुम्ही," थंडोबा म्हणाला.

"म्हणालो!" डिंक्याचा आवाज चढला. "मॅडम, तुम्हाला त्रास नको म्हणून हळू म्हणालो असेन. घसा बसलाय माझा. पण म्हणालो. मला ऐकू आलं ना माझं मला!"

आणि ते खोटं नव्हतं. त्याला ते दोन शब्द स्वच्छ ऐकू आले होते, पहिला किंचित घोगरा, दुसरा सरळ. पंच त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कॅमेरा आहे. मी बघून येते. दोघांनीही जागेवरून उठू नका," आणि त्या मऊ पावलांनी निघून गेल्या. दुसरे पंच पटाजवळ येऊन उभे राहिले.

घोड्याला हात लागला असं ठरलं तर घोडा हलवावा लागणार. घोडा हलला की प्याद्याचा वजीर, आणि सगळं संपलं. हे डिंक्याला कळत होतं, पण आश्चर्य म्हणजे त्याचं त्याला फारसं काही वाटत नव्हतं. त्याची पाचावर धारण बसली होती ती वेगळ्याच गोष्टीने. घ्या ते जगज्जेतेपद, तो मनातल्या मनात कुणालातरी विनवत होता. पंचांचे कान खराब असू देत. थंडोबा लबाड निघू दे. डाव जाऊ दे. पण मी बोललो होतो एवढं ठरू दे.

टेबलाखाली काहीतरी हलत होतं. त्याने खाली पाहिलं तर थंडोबाचा गुडघा थडथड उडत होता. वरून चेहरा तसाच.

"तुम्ही म्हणाला असाल तर मी सगळ्यांसमोर माफी मागेन," थंडोबा हलक्या आवाजात म्हणाला.

"म्हणालोय मी."

"असेल. मला हल्ली माझ्या कानांचाही भरवसा वाटत नाही." त्याने गुडघ्यावर हात दाबून धरला. "सामना सुरू झाल्यापासून जेवण उतरत नाही घशाखाली. तक्रार करतानाही वाटत होतं, हात लागलेला मला एकट्यालाच दिसला की काय."

डिंक्याला त्याच्याशी बोलावंसं वाटलं. आपल्यासारखंच कुणीतरी आहे हे ऐकून त्याला क्षणभर धीरही आला. दडपणच असेल. दोघांनाही होतंय म्हणजे दडपणच. तेवढ्यात दार उघडलं आणि पंचांनी त्याला खुणेने बाहेर बोलावलं.

बाजूच्या खोलीत एक पडदा आणि कॅमेरावाला. पंच म्हणाल्या, "मी निर्णय घेतलाय. पण तुम्ही इतकं ठाम सांगताय, तर आधी तुम्हीच बघा."

पडद्यावर डिंक्याचा चेहरा होता, भिंतीएवढा. कपाळावरचा घाम वेगवेगळ्या थेंबांत दिसत होता. डोळे पटावर खिळलेले. मग चेहऱ्याच्या खालून हात वर आला आणि पुढे गेला. ओठ मिटलेले होते. नुसते मिटलेले नव्हे, घट्ट दाबून धरलेले. डोळे मिटले, उघडले. ओठ जसेच्या तसे.

"पुन्हा लावा," डिंक्या म्हणाला.

कॅमेरावाल्याने पुन्हा लावलं. डिंक्या ओठांकडे बघत होता आणि त्याच वेळी त्याला आपलाच आवाज आठवत होता. पहिला शब्द किंचित घोगरा, दुसरा सरळ. हात पुढे गेला. तोंड बंद.

"हळू करून लावा."

"काही उपयोग नाही हो," पंच म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा स्वर मऊ झाला होता. "मी चारचारदा पाहिलं. तुमच्या बाजूने काही निघतं का, तेच बघत होते."

तो परत येऊन बसला. घड्याळ सुरू झालं. घोड्याला जायला दोनच घरं होती आणि दोन्हींत सारखंच मरण होतं. त्याने घोडा उचलला आणि त्यातल्या एका घरात ठेवला. थंडोबाने प्यादं पुढे सरकवलं, त्याच्या जागी वजीर ठेवला, आणि तो घराच्या मधोमध ठेवताना त्याचा हात इतका कापत होता की वजीर आडवा पडला. त्याला उभा करायला त्याने दोन्ही हात लावले. डिंक्याने हात पुढे केला, डाव सोडला. काचेपलीकडे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आवाज मात्र काही येत नव्हता.

थंडोबा उठला नाही. "घरी जा आणि झोपा," तो म्हणाला. "मीही झोपतो." चेहरा पुन्हा होता तसा झाला होता.

ताई बाहेर त्याचा कोट घेऊन उभी होती. तिने बाहेरच्या पडद्यावर सगळं पाहिलं असणार, ते मिटलेले ओठसुद्धा. एरवी तिने तिथल्या तिथे त्याची हजेरी घेतली असती. आज तिने फक्त कोट त्याच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "चल."

पत्रकार खाली थांबले होते. दोघे लिफ्टमध्ये शिरले. दार बंद झालं, लिफ्ट खाली निघाली. लिफ्टच्या आरशात डिंक्याला आपला चेहरा दिसला आणि त्याने मान फिरवली. ताई दारावर बदलणाऱ्या आकड्यांकडे बघत होती. तिच्या केसांत एक पांढरी बट होती, ती त्याच्या लक्षात कधी आली नव्हती.

ताई, मला फार भीती वाटतेय, डिंक्या म्हणाला.

जन्मात पहिल्यांदा त्याने हे वाक्य उच्चारलं होतं. बोलून झाल्यावर अंग हलकं झालं. तो ताई काय म्हणते त्याची वाट बघू लागला. ताई आकड्यांकडे बघत होती. एक आकडा बदलला, आणखी एक बदलला. तिने मान वळवली नाही, पापणीसुद्धा हलवली नाही.

त्याने हात वर केला आणि बोटं आपल्या ओठांवर ठेवली.

"ताई," तो म्हणाला. या वेळी बोटांखाली ओठ हलताना त्याला जाणवले. "मी आत्ता काही बोललो का?"

ताईने झटकन वळून पाहिलं. तिचे डोळे त्याच्या तोंडावरून त्या बोटांवर गेले आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"हो," ती घाईघाईने म्हणाली. "बोललास ना. ऐकलं मी."

"काय बोललो?"

लिफ्ट थांबली. ताईने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. दार उघडलं, समोर कॅमेरे उभे होते. ताईने तोंड उघडलं, पण तिला काही सांगता आलं नाही.